दांड्या फुल, नेट बंद: गाव सोडलं की होणारा नेहमीचा घोळ

"टॉवर शे भाऊ, पन नेट नई."

शिरपूर फाट्याजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे आणि हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकतो. कधी केळीची गाडी दिल्लीला खाली करून आलेला ड्रायव्हर, कधी वैष्णोदेवीहून परतलेली मंडळी, कधी इंदूरला परीक्षा देऊन आलेली पोरगी. तक्रार एकच: घरी फोन मस्त चालतो, गाव सोडलं की नेट मरतं. पुढचं वाक्यही ठरलेलं, "दुसऱ्या कंपनीचं सिम दे." सिम विकणं हा माझा धंदा आहे, तरी सांगतो, यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना नव्या सिमची गरज नसते. ते सिम घेऊन जातात आणि पुढच्या फेरीनंतर तेच गाऱ्हाणं घेऊन परत येतात.

म्हणून मी आधी तीन गोष्टी विचारतो. सिग्नलच्या दांड्या दिसत होत्या, की फोनवर "सेवा नाही" असंच येत होतं? त्या वेळी साधा फोन लागत होता का? आणि नेमकं कुठे? तिसऱ्याचं उत्तर लोक फार मोघम देतात. "तिकडे वर." "एमपीत." तसं नाही चालत. सेंधव्याच्या अलीकडे की पलीकडे, चालत्या गाडीत की लॉजच्या खोलीत, सकाळी की संध्याकाळी, ते आठवून सांगा.

सकाळी चालतं, दुपारनंतर मरतं

हे असेल तर सिम, टॉवर, फोन सगळं ठणठणीत आहे. दिवसाचा डेटा संपलाय, एवढंच. रोजचा दीड जीबी घरी पुरतो कारण घरी वायफाय असतं. किंवा तुम्ही धुळ्यात, जळगावात अनलिमिटेड ५जीवर असता आणि डेटा संपतो ही गोष्टच विसरलेले असता. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेल अनलिमिटेड ५जी साधारण रोजच्या दोन जीबीच्या आणि त्यावरच्या पॅकवर देतात, आणि तेही ५जीचा टॉवर असेल तिथेच. हायवेवर फोन ४जीवर उतरला की मीटर सुरू. त्यात काढलेले फोटो मागच्या मागे बॅकअपला जात असतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधले व्हिडिओ आपोआप उतरत असतात.

कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. फसगत तिथेच होते. वर ४जी लिहिलेलं दिसतं, दांड्या भरलेल्या असतात, पण २०० केबीचा एक फोटो उतरायला २५ सेकंद लागतात, तेही दुसरं काही चालू नसेल तर. रात्री बारा वाजून गेले की आपोआप सुरळीत होतं आणि माणूस म्हणतो, "त्या गावातच काहीतरी लफडं होतं." निघण्याआधी ऑटो-डाउनलोड बंद करा, फोटो बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, आणि लागलाच तर टॉपअप मारा. नव्या सिमपेक्षा स्वस्त पडतं.

फोन आला की नकाशा थांबतो

हा प्रकार मला कळायलाच दोन फेऱ्या लागल्या. आमच्या ओळखीतले एक जिभाऊ केळीची गाडी घेऊन दिल्लीच्या आझादपूर मंडीला जातात. दोनदा येऊन म्हणाले, दिल्लीत शिरलं की नेट जातं. दिल्लीत नेट जातं? मला पटेना. तिसऱ्यांदा आले तेव्हा बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच होते, फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "घे, बघ तूच." मी नकाशा लावला आणि त्यांच्या दुसऱ्या नंबरवर माझ्या फोनवरून रिंग दिली. त्यांनी उचलला. नकाशावरचा निळा ठिपका दिसत होता, पण पुढचा रस्ता उतरायचा थांबला. फोन ठेवला, पाच-सहा सेकंदांत परत सुरू.

पुष्कळशा दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. जिभाऊंचा डेटा सिम १ वर, आणि आडत्याकडे नंबर दिलेला सिम २ चा. गाडी दिल्लीच्या जवळ आली की आडत्या दर पंधरा मिनिटांनी विचारणार, "कहां पहुंचे?" म्हणजे नकाशाची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच नेट बंद. पूल चुकायचा आणि नाव दिल्लीच्या टॉवरचं व्हायचं.

उपाय साधे आहेत. ज्या सिमवर फोन येतात त्याच सिमवर डेटा ठेवा आणि त्या सिमचं व्होल्टीई, म्हणजे ४जीवरूनच बोलायची सोय, चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल तर बोलताना त्याच सिमचंही नेट जातं. काही फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये "कॉलदरम्यान डेटा आपोआप बदला" असा पर्याय असतो, तो चालू करा. आणि जायच्या रस्त्याचा गूगल मॅप्स घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्या. जिभाऊंनी यातलं काहीच केलं नाही, आडत्याचा फोन क्लीनरच्या नंबरवर वळवला. तेही चाललं.

त्याच दिवशी त्यांच्या फोनचा ट्रे काढला तर आत जुनं मोठं सिम कात्रीने कापून बसवलेलं. कडेला चिप चरे पडून पांढुरकी झालेली. गाडीच्या हादऱ्याने असं सिम क्षणभर सुटतं, फोन "सिम नाही" म्हणतो आणि परत धरतो. कापलेलं सिम वापरत असाल तर कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं नॅनो सिम घ्या. पण प्रवासाच्या आदल्या दिवशी नको. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक रोखायला हा नियम आहे, चांगला आहे, पण एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि यूपीआयची नव्याने नोंदणी करायची तर तीही होत नाही. ई-सिम करून घेतानाही हेच लक्षात ठेवा. निदान आठवडाभर आधी उरका.

घाटात गेलेलं नेट घाट उतरल्यावरही येत नाही

पळासनेरच्या पुढे बिजासनचा घाट लागतो, तिथून मध्य प्रदेश. चाळीसगावकडून कन्नडला चढताना तेच, नंदुरबारकडे शहाद्याहून तोरणमाळला चढताना तेच. फोन जो टॉवर धरून असतो तो सहजासहजी सोडत नाही. घाटात लांबच्या टॉवरचा क्षीण धागा धरून बसतो, कधी ४जी सोडून २जीवर उतरतो, आणि खाली सपाटीला आल्यावरही बराच वेळ तिथेच अडकून राहतो. वर ई असं अक्षर दिसत असेल तर हेच झालंय.

विमान मोड लावा, अर्धा मिनिट थांबा, काढा. फोन नव्याने सगळे टॉवर शोधतो. लोक लगेच काढतात, दोन सेकंदांत. तेवढ्याने काही वेळा जुनंच धरतो. त्याने नाही झालं तर फोन बंद करून चालू करा. लांबच्या प्रवासात मी नेटवर्क मोड ५जीवरून ४जीवर आणून ठेवतो, कारण तुरळक ५जीच्या पट्ट्यात फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि बॅटरी पितो.

दुसऱ्या राज्यात शिरल्यावर नेट येत नसेल तर "डेटा रोमिंग" चालू आहे का ते पाहा. बिलाच्या भीतीने लोकांनी दहा वर्षांपूर्वी ते बंद केलेलं असतं आणि फोन बदलला तरी सवय तीच. देशातल्या देशात आजच्या पॅकवर रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. आपलं सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, महाराष्ट्र-गोवा आहे, मुंबईचं वेगळं. म्हणजे शिरपूरचं पोरगं नवी मुंबईला नोकरीला असेल तर ते तांत्रिकदृष्ट्या रोज रोमिंगवरच आहे, त्याला पत्ताही नाही. नवापूर स्टेशनची तर गंमतच, अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथे बाकावर बसल्या बसल्या फोन सर्कल बदलू शकतो.

एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारं सेटिंग, क्वचित बिघडतो, बहुधा परदेशी किंवा सेकंडहँड फोनात. जिओचा 'जिओनेट', बीएसएनएलचा 'बीएसएनएलनेट', सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. तिथेच "डिफॉल्टवर आणा" असं बटण असतं, आधी ते दाबून पाहा.

पठाणकोट सोडलं आणि सगळे फोन गप्प

यावर कुठलंच सेटिंग चालत नाही आणि दर वर्षी कुणी ना कुणी यात सापडतं.

आमच्याकडची बावीस माणसं भुसावळहून झेलम एक्सप्रेसने वैष्णोदेवीला गेली होती. परत आल्यावर आप्पांनी दुकानात येऊन सांगितलं. पठाणकोटपर्यंत सगळं ठीक. कठुआच्या आसपास डब्यातले फोन एकेक करून "सेवा नाही" म्हणायला लागले. जिओवालाही गेला, एअरटेलवालाही गेला. पोरांनी विमान मोड लावून काढला, सिम काढून पुसलं, फोन बंद-चालू केले. एकट्या गुरुजींचा फोन चालू.

गुरुजींचं सिम पोस्टपेड होतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. नेटच नव्हे, फोनही लागत नाही. हा सुरक्षेचा नियम आहे, सगळ्या कंपन्यांना सारखा, आणि लडाखलाही तोच. दीड जीबीचा पॅक असो की तीनचा, काही फरक पडत नाही. पोस्टपेड चालतं, आणि तिथलं स्थानिक प्रीपेड चालतं.

मग कटऱ्याच्या लॉजमध्ये गुरुजींच्या हॉटस्पॉटवर पाळ्या लागल्या. एका वेळी आठ-दहाच फोन बसतात. आधी बायका घरी बोलणार, मग म्हातारे, मग पोरं. खरी अडचण दुसऱ्या दिवशी झाली. कटऱ्याहून भवनापर्यंत बारा-तेरा किलोमीटरची चढण, हॉटस्पॉट मागे-पुढे काही पावलांपर्यंतच पोचतो. मावशी घोड्यावर पुढे, आप्पा पायी मागे, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. वाटेतल्या अर्धकुंवारीला दोन तास एकमेकांची वाट बघत बसले.

उपाय दोनच. ग्रुपमधल्या निदान चार-पाच जणांकडे पोस्टपेड हवं, एकाकडे असून भागत नाही. प्रीपेडचं पोस्टपेड आता ओटीपीवर होतं, नंबर तोच राहतो; पण मन बदललं म्हणून लगेच माघारी येता येत नाही, काही काळ थांबावं लागतं. म्हणून मुख्य नंबरऐवजी घरातला जास्तीचा नंबर पोस्टपेड करा. दुसरा मार्ग म्हणजे जम्मूत उतरल्यावर तिथलं प्रीपेड घेणं. त्याला मूळ ओळखपत्र आणि चालू होईपर्यंत वेळ लागतो. दोन दिवसांच्या यात्रेत तो वेळ कुणाकडे नसतो.

गर्दी: याला औषध नाही

चैत्रात आपल्याकडचे लोक पायी सप्तशृंगीच्या गडावर जातात. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. दांड्या पूर्ण आणि नेट शून्य. तिथे टॉवरची ताकद भरपूर असते, पण एका टॉवरवर हजारो फोन लोंबकळत असतात. स्टेशनात गाडी थांबल्यावर होतं तेच, मोठ्या प्रमाणात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर डेटा त्यावर वळवून पाहा, कारण गर्दी सगळ्यांवर सारखी नसते. नाहीतर साधा एसएमएस करा, तो बऱ्याचदा निघतो. स्टेशनवरचं रेलटेलचं फुकट वायफाय अर्धा तास मिळतं, पण त्याचा ओटीपी मोबाइलवरच येतो. जम्मूला आपलं इकडचं प्रीपेड घेऊन उतरलेल्याला त्याचाही उपयोग नाही. तिकिटासाठी नेटवर अवलंबून राहू नका, आयआरसीटीसीचा एसएमएस आणि मूळ ओळखपत्र टीसीला चालतं.

मग दुसरं सिम कुणाचं घ्यायचं?

एवढं सगळं तपासून खरंच टॉवरची अडचण निघाली, तर दुसरं सिम घ्या. पण पॅक किती स्वस्त यावरून ते निवडू नका, रस्त्यावरून निवडा. माझं मत विचाराल तर दोन सिम एकाच कंपनीची ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. एकाला रेंज नसेल तिथे दुसऱ्यालाही नसणार.

ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलेत. ते बघा, पण देवाचा शब्द मानू नका. मी एकदा एका कंपनीचा गडद रंगाचा नकाशा बघून तोरणमाळला गेलो. यशवंत तलावाच्या काठी फोन फक्त वेळ दाखवायला कामाचा होता. नकाशा डोंगराच्या घड्या आणि लॉजच्या भिंती पुरत्या मोजत नाही. त्यापेक्षा जिथे जायचं त्या गावच्या लॉजवाल्याला आधी फोन करा आणि विचारा, "तुमच्याकडे खोलीत कुणाचं नेट चालतं?" खोलीत, हा शब्द महत्त्वाचा. तो अंगणातलं सांगेल.

धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्यातले पाडे अशा भागात जायचं असेल तर दोन गोष्टी. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांपैकी कुणाचंही सिम ४जी धरू शकेल अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. तिथे रोमिंगची खूण दिसली तर घाबरू नका, आणि तेवढ्यासाठीही डेटा रोमिंग चालू ठेवा. दुसरं, बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० ची लहर लांब जाते, भिंतीतून शिरते, डोंगरी भागाला बरी. पण फोनमध्ये तो बँड, म्हणजे लहरींचा तो पट्टा, हवा. त्याला बँड २८ म्हणतात. बरेच जुने ४जी फोन तो धरतच नाहीत आणि लोक बीएसएनएलला शिव्या देत बसतात. फोनचं मॉडेल नेटवर शोधून बँडांची यादी पाहिली की दोन मिनिटांत कळतं.

दांड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. सेटिंगमध्ये "फोनबद्दल", मग सिमची स्थिती, तिथे सिग्नलच्या ताकदीचा डीबीएममध्ये आकडा असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर टॉवरला दोष देऊ नका, दुसरीकडे शोधा. उणे ११० च्या पलीकडे गेला तर नेट रखडणारच. दोन सिमची तुलना करायची ती याच आकड्यावर, एकाच जागी उभं राहून.

पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर "पोर्ट", मोकळी जागा आणि आपला नंबर असा मेसेज १९०० ला. आलेला कोड आपल्या सर्कलमध्ये चार दिवस चालतो, आणि सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस पोर्ट होत नाही. प्रवासाच्या तोंडावर पोर्ट लावणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो. आणि दुसरं सिम वर्षभर ड्रॉवरमध्ये पडू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते.

दुसरं सिम नेलं म्हणजे काम झालं असंही नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरचं वायफाय बंद करा, डेटा दुसऱ्या सिमवर घ्या, आणि घरातल्या कुणाला तरी एक रुपया यूपीआयने पाठवून पाहा. मग त्या सिमवर कुणाला तरी फोन करायला सांगा आणि बोलता बोलता नकाशा चालतो का ते बघा. जिभाऊ आता दर फेरीआधी माझ्याच क्यूआरवर तो रुपया मारतात. काउंटरवरच्या क्यूआरच्या बोलक्या डब्यातून "एक रुपया प्राप्त हुआ" असं ऐकू आलं की समजायचं, गाडी आज रात्री निघाली.